सांडूचं निळं-हिरवं यान

आमच्या मंडळात सात माणसं होती आणि सातही जणांना त्यांच्या घरच्यांनी वेड्यात काढलेलं होतं. चाळिशी-पन्नाशी उलटलेली ही माणसं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुंडलिकनगरला माझ्या हॉलमध्ये जमायची आणि अठ्ठ्याऐंशी साली टीव्हीवर लागलेल्या 'ध्रुवयान' नावाच्या मालिकेवर तीन-तीन तास बोलायची. सव्वीस भाग लागले, पुन्हा कधी दाखवले नाहीत, कुणाकडे टेप नाही. म्हणून ज्याच्याकडे जे उरलं होतं ते तो घेऊन यायचा. कुणाकडे साप्ताहिकातली कात्रणं, कुणाकडे बिस्किटाच्या पुड्यातून निघालेले बिल्ले. क्रांती चौकाजवळ फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या बद्रीनाथने लहानपणी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून एक भाग कॅसेटवर घेतला होता. त्यात यान झेपावतं नेमकं तेव्हाच त्याच्या आईच्या कुकरची शिट्टी होते. आम्ही ती शिट्टीसुद्धा अदबीने ऐकायचो.

प्रत्येकाने आपापलं ध्रुवयान बांधलेलंही होतं. माझं थर्माकोलचं आणि राखाडी, कारण मी ते काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर पाहिलं होतं. बद्रीनाथचं पुठ्ठ्याचं आणि लालभडक, कारण एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते तसं छापलं होतं. खरा रंग कोणता, यावर आमची इतकी भांडणं झाली की एकदा माझ्या बायकोने चहाचे कप परत आत नेले.

मी काकासाहेब. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पोरांनी आंब्याच्या पानाला पोपटी रंग दिला की माझा हात शिवशिवायचा. चुकीचा रंग मला आजही सहन होत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या या खोडीमुळेच झालं.

सांडू आमच्यात शेवटी आला. शेंद्र्याच्या एका कारखान्यात तो कंत्राटावर पॅकिंगचं काम करायचा. वडील मुंजाबा मेंढ्या राखायचे. पहिल्या दिवशी तो जुन्या लुगड्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आला, हॉलच्या कोपऱ्यात उभा राहिला, आणि बसा म्हटलं तरी बसेना. मग त्याने लुगडं सोडलं.

हातभर लांबीचं यान होतं. आत पीव्हीसी पाइप, पुढच्या टोकाला रॉकेल ओतायचं ॲल्युमिनियमचं नरसाळं, पंख पत्र्याचे, रिव्हेट मारून बसवलेले. काम असं की माझ्यासारख्याने मान खाली घालावी. पण रंग! पाठीवर निळा, कुशीत पिवळट, पोटाखाली हिरवा.

"अरे, हा काय पोपट बसवलास?" मी म्हणालो. सगळे हसले. सांडूही हसला.

"आमच्याकडं असंच दिसायचं सर," तो म्हणाला.

ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना आठवेल. काळ्या-पांढऱ्या टीव्हीपुढे तेव्हा एक रंगीत काच लावायचे. म्हणायचे काच, असायचं पातळ प्लास्टिक. वर निळं, मध्ये पिवळट, खाली हिरवं. पडद्यावर आभाळ असलं तर ठीक, पण बातम्या सांगणाऱ्या बाईचे केसही निळे दिसायचे. सांडूच्या गावात एकच टीव्ही होता, नानासाहेबांच्या ओसरीवर, आणि त्याला ही काच होती. नऊ वर्षांच्या सांडूने ध्रुवयान पाहिलं ते त्या काचेतून. यानाची पाठ निळी आणि पोट हिरवं असतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे नानासाहेबांचा टीव्ही भंगारात निघाला तेव्हा सांडू कारखान्यात लागलेला होता. तो गेला आणि टीव्ही नको, फक्त काच द्या म्हणाला. त्याच काचेच्या पट्ट्या कापून त्याने यानाला चिकटवल्या होत्या, खाली चांदीचा कागद घालून. म्हणून त्याचं यान रंगवल्यासारखं दिसत नव्हतं. उजेडात धरलं की आतून पेटायचं.

हे सगळं ऐकूनही मी म्हणालो, "काम छान आहे, पण रंग चूक तो चूक."

त्याच्या घरी तोवर मी एकदाच गेलो होतो, दिवाळीनंतर. तेव्हा मला कळलं की ते यान खरं म्हणजे कुणासाठी होतं.

सांडूची थोरली बहीण बानाबाई, त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, आणि बानाबाईला सासरच्यांनी वर्षभरातच माघारी धाडलं, तेव्हा सांडूला तिनेच वाढवलं. रविवारी मेंढ्या रानात न्यायला उशीर करून ती त्याला नानासाहेबांच्या अंगणात घेऊन जायची. ओसरीवर घरची माणसं, अंगणात गावची पोरं आणि सगळ्यांच्या मागे ही दोघं, कारण मेंढ्यांवरही नजर ठेवायची असायची. ती त्याला पुढे ढकलायची आणि स्वतः मेंढ्यांकडे तोंड करून उभी राहायची. यान झेपावलं की तेवढं वळून बघायची. दोन वर्षांपूर्वी तिला लकवा मारला. हातपाय सावरले, बोलणंही परत आलं, पण माणसं परत आली नाहीत. कोण कुणाचं, काही कळेना.

मी गेलो तेव्हा ती दारात बाजेवर बसली होती. सांडू समोर उभा, आणि ती त्याला विचारते, "पावणं, कोन्या गावचं तुमी?"

सांडूने मला डोळ्याने थांबा म्हटलं. आत जाऊन यान आणलं, आणि दारातून ऊन येत होतं त्यात धरलं. पट्ट्या उजळल्या. बानाबाईने डोळे बारीक केले. मग तिचा चेहरा असा सैल झाला की मला तिकडे बघवेना.

"सांड्या," ती म्हणाली, "म्होरं बस की रं. तिथून दिसंल का तुला?"

"दिसतंय आक्का," सांडू म्हणाला आणि तिच्या पायाशी बसला. त्याची बायको द्वारकाबाई लगबगीने ताट घेऊन आली. सांडूने भाकरी कुस्करली, आणि बानाबाई त्याच्या हातून मुकाट्याने खाऊ लागली. मध्येच त्याला दटावत होती, कोकरू कुठं बांधलं म्हणून.

"रोजचं हाय सर," द्वारकाबाई मला म्हणाली. "अर्धा घंटा ह्यांला वळखत्यात. तेवढ्यात खाऊन घेत्यात. परक्याच्या हातचं घेत न्हाईत. तोंडच मिटून घेत्यात."

हे मी पाहिलेलं आहे. स्वतःच्या डोळ्यांनी. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

फेब्रुवारीत बद्रीनाथ धापा टाकत माझ्याकडे आला. पुण्याच्या एका संग्राहकाकडून त्याला तीन फोटो मिळाले होते. रंगीत, थेट मालिकेच्या चित्रीकरणातले. ध्रुवयान पांढरं होतं. स्वच्छ पांढरं, पंखांच्या कडेला भगवी रेघ. आम्ही सगळेच चुकलो होतो, पण मला कोण आनंद झाला! निकाल लागला होता. त्या संग्राहकाने दुसरीही बातमी दिली. ज्याने ते यान बांधलं तो कारागीर अजून हयात होता आणि आम्ही प्रदर्शन भरवलं तर यायला तयार होता.

मार्चच्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं की प्रदर्शनात एकही चुकीच्या रंगाचं यान ठेवायचं नाही. ज्याने बांधलं त्याच्यासमोर आपली शोभा नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. बैठक संपल्यावर सांडू चपला घालता घालता थांबला.

"सर, माझं तसंच राहू दिलं तर?"

"सांडू, तो माणूस काय म्हणेल? तूच सांग."

"मला त्यांला दावायचं तर लई हाय सर. तीस वर्षं झाली, त्यांचंच काम बघून हात चालतोय माझा." तो खाली बघत राहिला. "पन आक्का वळखंल ना?"

मी अगदी वर्गात बोलावं तसं बोललो. "आकार तोच आहे की रे. माणसाने सदरा बदलला म्हणून घरचे ओळखायचे थांबतात का?"

"नाय, ते बी खरं हाय."

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. प्लास्टिकवर पांढरा रंग धरत नव्हता, ओघळत होता. पुन्हा एकदा त्याने तेच विचारलं, आक्का वळखंल ना, आणि पुन्हा मी तेच उत्तर दिलं. शिवाय वर म्हणालो की पट्ट्या काढून टाक, माझ्याकडे थिनर आहे, घेऊन जा. कारखान्यातून सुटून तो आला आणि बाटली घेऊन गेला. जाताना माझ्या बायकोला नमस्कार करून गेला. तिने मला विचारलं, का हो त्याच्या मागे लागलायत? मी तिला म्हणालो, तुला रंगातलं काय कळतं.

थिनरने काच विरघळली. सुटून आली असती तर ठेवता तरी आली असती, पण ती मऊ पडली, गोळा झाली आणि चांदीच्या कागदासकट बोटांना चिकटून आली. उरलेलं त्याने पॉलिश पेपरने घासून काढलं.

प्रदर्शन क्रांती चौकाजवळच्या एका मंगल कार्यालयाच्या लहान खोलीत भरलं. एका लांब टेबलावर सात पांढरी यानं. सांडूचं मधोमध, कारण त्याच्याइतकं नेटकं कुणाचंच नव्हतं. तीसेक माणसं आली, त्यातली निम्मी शेजारच्या लग्नातून वाट चुकून. दुपारी बद्रीनाथला फोन आला की कारागिराची तब्येत बिघडली, येणं जमणार नाही. सांडू नवा शर्ट घालून सकाळपासून टेबलामागे उभा होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हातारं मानूस, व्हायचंच." मग यान लुगड्यात गुंडाळून त्याने जालना रोडला बस पकडली. मला वाईट वाटलं ते कारागीर आला नाही याचं. घरी आक्का आहे, हे माझ्या मनातही आलं नाही.

पुढच्या दोन बैठकांना सांडू आला नाही. फोन केला तर द्वारकाबाईने उचलला. "आक्का खात न्हाईत सर," एवढंच म्हणाली.

मग माझी धावपळ सुरू झाली. शहागंजपासून मोंढ्यापर्यंत भंगाराची सगळी दुकानं पालथी घातली. टीव्हीच मिळेनात तर काच कुठली. एक म्हातारा दुकानदार म्हणाला, "वो कांच अब कहाँ मिलती मास्टर, हमने चूल्हे में जलाए वो." नात्यातल्या सगळ्यांना माळे शोधायला लावले. काही नाही. शेवटी मी रंग घेऊन शेंद्र्याला गेलो आणि सांडूच्या ओट्यावर बसून स्वतःच्या हाताने ते यान पुन्हा रंगवलं. पाठ निळी, कूस पिवळट, पोट हिरवं. चौतीस वर्षं रंग शिकवलेत मी, छटा बरोब्बर आणली. सांडू शेजारी बसून बघत होता. आपल्याला कुणी शिव्या द्याव्यात असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि तो मला उन्हातून सावलीत सरका म्हणत होता.

वाळल्यावर त्याने ते नेहमीच्या जागी, उन्हात धरलं. रंग तोच होता, पण रंगातून उजेड जात नव्हता. ऊन वरच्यावर पडून राहिलं.

बानाबाई फार वाळली होती. नळीतून पेज देत होते आता. तिने यानाकडे पाहिलं, नाही असं नाही. पाहिलं, आणि एखाद्याच्या घरची वस्तू पाहावी तशी नजर काढून घेतली. सांडू हात आखडेना. त्याने ते जरा तिरकं केलं, मग थोडं वर, मग परत खाली. "आक्का," तो म्हणाला, "बघ की. उडालं बघ."

द्वारकाबाई ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती, अजूनही. भाकरी कुस्करलेली होती.

मग बानाबाई बोलली. आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. तिने सांडूकडे बघून डोक्यावरचा पदर सावरला, परक्या माणसासमोर सावरतात तसा.

"पावणं," ती म्हणाली, "आमचा सांडू दिसला का वो वाटंत? ल्हान हाय. भाकर खाल्ली न्हाई त्यानं अजून. तो आल्याबिगर मी कशी खाऊ?"

सांडूने यान खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"यील आता," तो तिला म्हणाला. "मेंढ्या घेऊन निघालाय. यील."