आमच्या तालमीला कॉलरा झाला त्याची गोष्ट

माझं अक्षर चांगलं आहे, असं शाळेपासून सगळे सांगत आले आणि मीही ते खरं मानत आलो. माणसाच्या अंगात एकच कला असली की ती कुठं वापरू नि कुठं नको असं त्याला होतं. मी ती माझ्या सख्ख्या आत्तीविरुद्ध वापरली.

म्हणजे मुद्दाम नाही. पण वापरली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. लग्नाला तीन महिने झालेले, आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात मी नवा कारकून. त्या दिवसांत मी चालत नव्हतो, तरंगत होतो. अशात एकदा मालकांनी केबिनमध्ये बोलावलं.

"तुमच्या पेठेत पालिकेचा दवाखाना हाय न्हवं?"

"हाय की मालक."

"डॉक्टर किती वेळ असतोय?"

"दोन तास. आला तर."

"त्येच म्हणतोय मी. आम्ही चालवायला घेतो की. दिवसभर डॉक्टर, काचेची कपाटं, पंखे. पेठेची सोय, माझ्या कामगारांची बी सोय. थोडीशी फी घेऊ, पण कारभार कसा चकाचक! तू लिव पालिकेला अर्ज. झ्याक अक्षरात."

मालक काही वाईट माणूस नव्हते. कामगाराचा हात भाजला तर स्वतःच्या गाडीत घालून त्याला दवाखान्यात नेणारे. मला तर त्यांचं म्हणणं पटलंच. न पटायला मी कोण? मी दोन दिवस खपून अर्ज लिहिला आणि त्यात एक वाक्य असं उतरलं की वाचताना माझाच ऊर भरून आला: 'सदर दवाखान्यातील रुग्णांची संख्या नगण्य आहे.' 'नगण्य' शब्दाखाली मी एक बारीकशी रेघही ओढली.

आता अडचण एवढीच होती की त्या दवाखान्यातली नर्स म्हणजे माझी आत्ती. वडिलांची थोरली बहीण. ती आमच्यातच राहायची. दवाखाना कंपनीकडं गेला तर कंपनी आपली माणसं आणणार, हे मला माहीत होतं. पण 'आत्तीला आता जरा विसावा मिळेल' असं मी स्वतःला सांगून टाकलं. आत्तीला विचारलं नाही. तिला विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं, हीच भीती.

बातमी फुटली आणि पेठेत दोन तट पडले. तालमीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी सभा. माझे वडील हायस्कुलात मास्तर. ते कंपनीच्या बाजूचे. "पालिकेच्या नळाला पाणी येत न्हाय, तिथं पालिकेच्या बाटलीत औषध कुठनं येणार?" असं ते खड्या आवाजात विचारायचे. पिठाच्या गिरणीवाल्या काकू विरुद्ध पार्टीच्या. त्या गिरणी चालू ठेवूनच ओरडायच्या, "आज थोडी फी म्हणत्यात, उद्या? पैसं न्हाईत म्हणून दार लावलं तर जाब कुणाला इचारायचा? नगरसेवक निदान मतं मागायला तरी येतोय. कंपनी कशाला येतीया आमच्या दारात?"

दोघांचंही मला पटायचं. जो शेवटी बोलेल त्याचं जास्त.

अर्ज गेल्यावर दहाएक दिवसांनी, सकाळी चहा पिताना आत्तीनं शांतपणे विचारलं, "नगण्य म्हंजे काय रं?"

चहा माझ्या नाकात गेला.

"म्हणजे... मोजण्यासारखं नाही, असं."

"मोजण्यासारखं न्हाय." तिनं मान हलवली. "पालिकेनं अर्जाची नक्कल धाडलीया आमच्याकडं. अक्षर लई सुरेख हाय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त बशी पालथी घातली आणि सांगितलं, की सोमवारी सकाळी पालिकेची समिती येणार आहे. रुग्ण किती येतात ते डोळ्यांनी बघणार. थोडे दिसले, तर दवाखाना कंपनीला आणि आत्तीची बदली औषधांच्या गोडाऊनला. "बावीस वर्षं माणसं राखली. आता खोकी राखायची," ती म्हणाली आणि पदर खोचून कामाला गेली.

रुग्ण थोडे दिसणारच होते. रजिस्टरात नाव फक्त डॉक्टरपुढं बसलेल्याचं लागायचं. आत्तीचे निम्मे रुग्ण तिला वाटेतच गाठायचे. कुणाचं गळू, कुणाचा कान, कुणाच्या पोराचा ताप. ती लोकांच्या उंबऱ्यावर बसून पट्टी बांधायची आणि पुढं चालू लागायची. ते कुठं लिहायचं असतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

माझी नवी बायको आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "अक्षर काढलंत. आता पुसून दाखवा."

तीन महिन्यांच्या संसारात मला मिळालेली ती पहिली आज्ञा. मी चप्पलही न घालता तालमीत गेलो.

आमच्या पेठेत काहीही अडलं तरी माणूस तालमीतच जातो. लग्नाचा मांडव घालायचा असो, विहिरीत पडलेली बादली काढायची असो, पोरीकडच्या पाहुण्यांना दम द्यायचा असो, तालीम तयार. वस्ताद अंगाला लाल माती लावून कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसले होते. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं.

"पेशंट पायजेत व्हय?" वस्ताद म्हणाले. "किती?"

"तीसेक."

"सोमवारी पोरांची मेहनत झाली की धाडतो."

"पण वस्ताद, आजारी दिसायला पाहिजेत."

"त्यात काय अवघड? कुस्ती हरल्यागत त्वांड करायला सांगतो."

मी इतका हलका झालो की घरी येताना बायकोसाठी गजरा घेतला. इथंच चूक झाली. वस्तादांना एखादी गोष्ट अर्धवट करायची सवय नाही, हे मी विसरलो.

सोमवारी मी फौंड्रीतून सुट्टी काढली. म्हणजे काढावी लागली नाही; मालकांनीच 'अर्ज तुझा हाय, चल' म्हणून गाडीत घेतलं. समितीत तिघं होते. अध्यक्ष धोतर-टोपीतले, दुसरे एक सतत जांभया देणारे, आणि तिसरे पालिकेचे आरोग्याचे साहेब, बारीक चेहऱ्याचे, जन्मतःच काळजीत असल्यासारखे. जोतिबाची चैत्री यात्रा आठ दिवसांवर आली होती. दरवर्षी यात्रेआधी कॉलऱ्याची लस टोचायची मोहीम असायची, म्हणून त्यांची काळजी जरा जास्तच फुललेली.

गाडी दवाखान्यापाशी वळली आणि मी बघितलं, तर रांग गिरणीच्याही पुढं गेलेली. एकेक पैलवान म्हणजे दाराच्या चौकटीएवढा. मांड्या बघाव्यात तर देवळाचे खांब. आणि सगळे पोटावर हात धरून कण्हत होते. एका सुरात. 'हर हर महादेव' म्हणावं तसं एकदम 'आई गं!'

मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "नगण्य?"

मी रुमालानं तोंड पुसलं.

समिती आत गेली. डॉक्टर नेमके त्या दिवशी वेळेवर आले होते आणि त्यामुळं गोंधळून गेले होते. त्यांनी पहिल्या पैलवानाला विचारलं, "काय होतंय?"

"पोटात कळ. मळमळ. जुलाब. पहाटंपास्नं."

दुसऱ्याला विचारलं. "पोटात कळ. मळमळ. जुलाब. पहाटंपास्नं."

तिसऱ्याचंही तेच. चौथ्याचंही तेच. वस्तादांनी रविवारभर पोरांकडून बैठकांबरोबर हेही घोकून घेतलं होतं. पाचवा जरा मंद होता, तो म्हणाला, "पहाटंपास्नं मळमळ, आणि मागनं काय ते सांगा की रं." मागच्यानं सांगितलं. मी हळूच मालकांच्या पाठीमागं सरकलो.

आरोग्याच्या साहेबांचा चेहरा पांढरा फटक पडला. "एकाच तालमीतली? एकाच विहिरीचं पाणी पिता?"

"व्हय साहेब," पैलवान एका सुरात.

"अहो, ही कॉलऱ्याची लक्षणं आहेत! आठ दिवसांवर यात्रा आलीय!" साहेब ओरडले. जांभया देणारे सदस्य खाडकन जागे झाले आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

साहेब आत्तीकडं वळले. "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?"

आत्तीनं रांगेवरून नजर फिरवली. ह्यातल्या प्रत्येकाला तिनं नागडं खेळताना बघितलेलं. मग तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी छताकडं बघू लागलो. माझ्या त्या बघण्यातच तिला सगळी गोष्ट कळली.

आता इथं एक सांगायला हवं. आमच्या तालमीला जोतिबाच्या सासनकाठीचा मान. काठी म्हणजे दोन मजली घराएवढा उंच बांबू, निशाण लावून खांद्यावर नाचवत डोंगर चढायचा. आणि लस टोचली की दंड सुजतो. म्हणून आत्ती दरवर्षी लस घेऊन तालमीच्या दारात गेली की आतले पैलवान मागच्या भिंतीवरून उड्या मारून पळायचे. बावीस वर्षांत एकही तिच्या हाताला लागला नव्हता. आज सगळी तालीम आपल्या पायांनी चालत येऊन रांगेत उभी होती.

"साहेब," आत्ती सावकाश म्हणाली, "मी काय डॉक्टर न्हवं. पण टोचून घेतलेलं बरं."

तिनं स्टोव्हला पंप मारला आणि सुया उकळायला ठेवल्या.

रांगेतले हात एकेक करून पोटावरनं खाली आले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "माझं र्‍हायलं बगा पोट."

"माझं बी."

"हे उताराचं लक्षण नाही, हे फार वाईट लक्षण आहे!" साहेब म्हणाले. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं, सगळी रांग आत घेतली आणि दाराला कडी घातली.

इकडं बाहेर अध्यक्षांनी मालकांना बाजूला घेतलं. "पावणं, दवाखाना तुमच्याकडं आला असता आज, तर काय केलं असतं? पेठेतल्या घराघरात जाऊन टोचायचं, विहिरीत पावडर टाकायची, यात्रेच्या वाटंवर बसायचं. फी बी घेता येत न्हाय त्याची. ह्ये तुम्ही करणार न्हवं?"

मालकांनी माझ्याकडं हात पुढं केला. मी जवळची अर्जाची नक्कल दिली. ते वाचत गेले. दिवसभर डॉक्टर. पंखे. काचेची कपाटं.

"साथीचं लिवलंयस काय रं कुठं?"

"न्हाय मालक. तुम्ही सांगितलं न्हवतं."

"सांगितलं न्हवतं, कारण मला सुचलंच न्हवतं," मालक म्हणाले. हा मोठा माणूस. असं कबूल करणारा मालक मी नंतर पाहिला नाही. त्यांनी अर्जाची घडी केली आणि अध्यक्षांना म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आम्हाला लोखंड वितळवायला येतं, ह्ये येणार न्हाय. मागं घेतो मी अर्ज."

आतून त्याच वेळी अशी किंकाळी आली की गिरणी बंद पडली. खिडकीतून बघितलं, तर पोरांबरोबर आलेल्या वस्तादांनाच पहिली सुई बसली होती. चार तालुक्यांत ज्यांची पाठ मातीला लागली नव्हती ते वस्ताद भिंतीला टेकून खाली बसले होते, आणि आत्ती त्यांना वारा घालत म्हणत होती, "झालं की रं बाबा, झालं. पुढचं या."

सगळी तालीम टोचून झाली. ते बघून बाहेरच्या बायकाही पदर सावरत रांगेला लागल्या. पैलवान रडले ते आपण हसत घ्यायचं, ही ईर्षा. गिरणीवाल्या काकूंनी दोन्ही दंड पुढं केले. माझे वडील 'हे तत्त्वात बसत नाही' म्हणत टोचून घेऊन गेले. शेवटी मी. मी सुई बघितली आणि त्यापुढचं मला, टोचून घेऊन शेजारी थांबलेल्या बायकोकडून कळलं. तिनं ते पुढची कित्येक वर्षं सर्वांना सांगितलं.

दुपारी आत्तीनं साहेबांना निरोप धाडला, की सगळ्यांना उतार आहे, काळजीचं कारण नाही. साहेबांनी तिचं लेखी कौतुक केलं. मी घरी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "खोटं बोलून केलेलं बरं काम खोटंच असतंय. पुन्यांदा करू नगंस." मग तोंडाला पदर लावून ती इतकी हसली, की तिला ठसका लागला.

दवाखाना पालिकेकडंच राहिला. डॉक्टर पुढंही दोनच तास यायचे, आले तर. वडील ते मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे. आत्ती मात्र निवृत्त होईपर्यंत तिथंच होती.

आणि मालक? दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवतच गेलो.

"तुझी आत्ती हाय म्हणं ती? आधी बोलला असतास तर! हिकडं येतीया काय विचार. फौंड्रीतली निम्मी माणसं यात्रेला निघाल्यात. लस म्हटलं की पळत्यात."

म्हणून यात्रेच्या आदल्या आठवड्यात आत्ती लशीची पेटी मांडीवर घेऊन बसनं शिरोलीला आली. मालकांनी गाडी पाठवतो म्हटलं होतं. पालिकेच्या कामाला कंपनीची गाडी नको, असं तिनं कळवलं. भट्टीपुढच्या अंगणात तिनं स्टोव्ह पेटवला. कामगार लांब उभे राहून एकमेकांना पुढं ढकलत होते. कुणीच येईना. तेव्हा मालकच पुढं झाले, रेशमी बाही वर केली आणि तोंड फिरवून, डोळे घट्ट मिटून स्टुलावर बसले.

आत्तीनं त्यांच्या दंडाला स्पिरिटचा बोळा लावला.

"हात ढिल्ला सोडा मालक," ती म्हणाली. "आमच्याकडं फी न्हाय."

भट्टीपाशी जो हशा पिकला, त्यात मालकांना सुई कधी टोचली ते त्यांनाही कळलं नाही.