पहाटेसाठी काळी काच

बीदरच्या बसस्टँडसमोर गॉगल विकणाऱ्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. दिवेलागण होत होती. पहाटे सायकल चालवायला मी काळा गॉगल मागितला. त्यांनी काच पदरानं पुसली, आभाळाकडे धरून पाहिली आणि परत ठेवली.

"पहाटं ह्यातून खड्डा दिसायचा न्हाई, अण्णा. पिवळी न्या, न्हाईतर पांढरी."

"काळीच द्या."

"कामून?"

"वारा लागतो," मी म्हणालो. पत्नी गेल्यापासून सायकलवर डोळे भरून येतात, हे सांगायची लाज वाटली.

त्यांनी ठेवलेला काळा गॉगल पुन्हा उचलला. "वारं पांढऱ्या काचेनंबी अडतंय. लोकांपासून डोळे लपवायचे असतील तर काळी न्या. पर सायकल हळू चालवा."

मी काळीच घेतली आणि त्यांच्यासमोरच डोळ्यांवर चढवली.