गेरूच्या दोन रेघा

सदामामा दोनच मुदती मानायचे, दिवाळी आणि होळी. आईबाप गेल्यावर पंचांनी मला त्यांच्या दारात आणून उभं केलं, तेव्हा मी सहा वर्षांची होते. मामा आईचे लांबचे भाऊ. एकटे, खुलताबादजवळच्या डोंगरात मेंढरं राखणारे. पंचांना म्हणाले, "लेकराचं मला काय कळतंय? दिवाळीपर्यंत ठेवतो. मग तुमचं तुम्ही बघा." दिवाळीला कोणी आलंच नाही. चुलीत फुंकर घालता घालता मामा म्हणाले, "राहू दे होळीपर्यंत." अशा सात होळ्या झाल्या.

बोलणं मेंढरांशी जास्त, माझ्याशी कमी. कोकरू आजारलं की त्याला घोंगडीत घेऊन बसायचे. मला ताप आला तेव्हाही तसेच बसले, फक्त आधी कोकराला खाली ठेवलं. शाळेत त्यांनीच घातलं. गुरुजींनी विचारलं, "पालक कोण?" तर म्हणाले, "सध्या मीच. होळीपर्यंत."

गर्दीचं मात्र त्यांना लई भ्या. बाजाराला निघायच्या आधी प्रत्येक मेंढराच्या पाठीवर गेरूच्या दोन आडव्या रेघा ओढायचे. "खूण असली की सुटलेलं जनावरबी कोणीतरी आणून घालतं," म्हणायचे.

सातवीत आम्हाला खेळाच्या सामन्यांना औरंगाबादला नेलं. निघताना मामा म्हणाले, "जरा पाठ कर." पाठीवर बोट फिरलेलं जाणवलं. वाटलं, डाग पुसतायत. एसटीत मागच्या बाकावरून हसू फुटलं. "मेंढरू आलंय गं, मोजून घ्या." शाळेच्या पांढऱ्या झंपरवर दोन तांबड्या रेघा होत्या, अजून ओल्या.

औरंगाबादच्या स्टँडवर उतरले, तर समोर मामा. दगडांच्या ट्रकमध्ये बसून आमच्या आधीच पोचले होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, अंगाला मेंढरांचा वास. पोरी नाकाला रुमाल लावून हसायला लागल्या. सोबत आलेल्या नव्या गुरुजींनी मला विचारलं, "हे कोण गं तुझे?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "गावातले आहेत."

मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही. गुरुजींना म्हणाले, "व्हय जी, गावातलाच हाय. असाच आलतो." मग दिवसभर मैदानाच्या कुंपणाबाहेर बसून राहिले. दुपारची भाकरी मी त्यांच्याकडं पाठ करून खाल्ली. म्हणजे त्या रेघा त्यांच्यासमोर होत्या, हे तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेले नाही. मामांनी झंपर ओढ्यावर नेला आणि कापड विरेपर्यंत दगडावर घासला. रेघा फिक्या झाल्या, गेल्या नाहीत. "माझ्या गेरूपायी तुझी शाळा गेली बघ," म्हणाले. खरं तर मला पोरींच्या हसण्याची धास्ती होती, आणि आपण खोटं बोललो त्याची जास्त. पण ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. मामा शेवटपर्यंत दोष स्वतःकडंच घेत राहिले.

लग्न होऊन सुरतेला निघाले, त्या दिवशी फलाटावर शेजारच्या काशीमावशीनं सांगितलं. निजामाच्या राज्यात पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत मामांच्या घरचे जीव घेऊन पळत होते. स्टेशनच्या गर्दीत मामांच्या हातातून धाकटी बहीण सुटली. मामा तेव्हा आठ वर्षांचे. "पोरगी सापडली नाय," मावशी म्हणाली. "कोणाची म्हणून आणून घालणार?"

मामा दहा पावलांवर उभे होते. जाऊन चार शब्द बोलायचे होते. गाडी सुटेल म्हणून मी घाई केली. गाडी पाऊण तास उशिरा सुटली.

नंतर काशीमावशीची पत्रं यायची. विचारणाऱ्याला मामा सांगत, "येईल की दिवाळीपर्यंत." मग, "होळीला तर नक्कीच." मी दर वेळी काहीतरी कारण काढलं. ते गेल्याचं मला नऊ दिवसांनी कळलं.

आमच्या चाळीत एकच धोबी सगळ्यांचे कपडे नेतो. अदलाबदल होऊ नये म्हणून घरोघरची खूण ठरवायची होती. त्यानं शाईची बाटली पुढं केली. मी दोन आडव्या रेघा काढल्या.

"ये किसका निशान है, बहन?"

"माझ्या मामांचं," मी म्हणाले. "त्यांनी सांभाळलं मला."

त्याला मराठी कळत नव्हतं. मान हलवून त्यानं गाठोडं उचललं आणि पुढच्या दाराकडं गेला.