समुद्रशेवाळाची राख

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११.२०. फर्नेसमधून काढून थंड केलेल्या क्रुसिबलचे, म्हणजे नमुना जाळायच्या छोट्या भांड्याचे, वजन मी तिसऱ्यांदा घेतले. राख २७.८४ टक्के. दुसऱ्या क्रुसिबलमध्येही जवळपास तेवढीच.

लातूरच्या आमच्या लॅबमध्ये प्रामुख्याने डाळी तपासायला येतात. नमुना साडेपाचशे अंशांवर जाळला की सेंद्रिय भाग निघून जातो. उरते ती राख, म्हणजे खनिजे. डाळीत ती तीन-चार टक्के असते. फार वाढली, तर आमच्याकडे एकच अर्थ लावला जातो: माती.

या वेळचा नमुना मात्र खाद्य समुद्रशेवाळाच्या पावडरचा होता. रेणापूरच्या एका महिला गटाने तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून वाळलेले शेवाळ मागवले, धुऊन, दळून शेंगदाण्याच्या चटणीत घातले. हैदराबादच्या खरेदीदाराने रिपोर्ट मागितला होता. माती निघाली, तर गटाची पहिलीच ऑर्डर परत येणार होती. प्रथिने आणि तंतुमय पदार्थांचे आकडे चांगले आले होते. अडले होते ते राखेवर.

आमचे लॅब मॅनेजर बिराजदार सर यांनी आकडा पाहिला.

“मॅडम, हे खाण्याचं सॅम्पल आहे की वीटभट्टीचं?”

मी घाई केली. पुढची चाचणी न करताच गटाच्या अध्यक्ष लताताईंना फोन लावला.

“ताई, पावडरमध्ये माती दिसते आहे.”

“माती? म्याडम, तीन पाण्यानं धुतलंय आमी! तुमी घरची डाळ तरी धुता का एवढी? अन् धुऊनबी लई खारट हाय बगा. चटणीत मीठ टाकणंच सोडलंय.”

“मीठ अजिबात नाही?”

“चिमूटबी न्हाई.”

फोन ठेवला आणि मी स्वतःवरच चिडले. मीठ जळत नाही. ते राखेतच उरते. समुद्री वनस्पती पाण्यातले सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम शोषून साठवतात. हे मी एम.एस्सी.ला शिकले होते. तरीही शेवाळाला डाळीची फूटपट्टी लावली.

शंका फेडणारी चाचणी साधी आहे. राख सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळायची. क्षार विरघळतात, वाळू आणि माती विरघळत नाहीत. फिल्टर पेपरवर जे उरेल, ते पुन्हा जाळून तोलायचे.

“सर, चार तास द्या.”

“दिले. पण तोवर त्या बाईंना फोन करू नका.”

दुपारी ३.५०. नमुना २.००१२ ग्रॅम, अवशेष ०.००८४ ग्रॅम. सरांनी चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला आणि माझ्याकडे पाहत फोनकडे बोट केले.

“ताई, माती नाही. ते समुद्राचेच क्षार आहेत. चूक माझी होती.”

“मग आधी तपासून बोलायचं की वो, म्याडम! हितं सकाळपासून आठ बायका जेवल्या न्हाईत.” मग मागे वळून त्या ओरडल्या, “ताटं घ्या गं!”

खुर्चीत बसल्यावर कळले, मीही जेवले नव्हते. आता सॅम्पल कुठून आले हे मी आधी वाचते, आकडा नंतर. आणि चाचण्या पूर्ण होईपर्यंत फोनला हात लावत नाही.

डबा उघडण्यापूर्वी रजिस्टर भरले. शेवटची नोंद: आम्लात न विरघळणारी राख, ०.४२ टक्के.