चंद्रीच्या श्वासनळीची स्लाइड

मी बाबांशी खोटं बोलले होते. आज सकाळी ते गेले. आता कबूल करून काय उपयोग?

तरी लिहितेय.

बेटेगावात आमचा म्हशींचा गोठा. बाबा दिवसभर तिथेच, दुपारची झोपसुद्धा गवताच्या भाऱ्यांवर. शेजारच्या केमिकल कंपन्यांकडून वारा फिरला की डोळे चुरचुरायचे.

"आपल्याला सवय हाय. म्हशींना पण हाय," म्हणायचे.

मी व्हेटर्नरीला पीजी करत होते. विषय, म्हशीच्या श्वासनळीची सूक्ष्म रचना. बाबा गावभर सांगत सुटले, "पोरगी म्हशीच्या गळ्याची डॉक्टर होते हाय!"

मग आमची चंद्री साप चावून मेली. एरवी ठणठणीत होती.

बाबांनी तिला हळदकुंकू लावलं. खड्डा तयार होता. मी घाबरत म्हटलं, "बाबा, नळीचा एक तुकडा मिळाला तर…"

बाबांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला.

"घे. जिती असताना कधी लाथ मारली नाय तिनं. आता काय मारणार?"

आणि स्वतः तिची मान धरून बसले.

पंधरा मिनिटांत तुकडा फॉर्मॅलिनमध्ये.

निरोगी नळीला आतून बारीक केस असतात. धूळ, कफ वर ढकलतात. दुसऱ्या गावांहून आलेल्या म्हशींच्या स्लाइडवर ते दिसले, लावणीच्या रोपांसारखे दाट.

चंद्रीच्या स्लाइडवर केसच नव्हते. त्या जागी कातडीसारखे जाड थर.

गाइड म्हणाले, "आपला विषय नॉर्मल रचना आहे. हे सॅम्पल बाद कर."

केलं. थीसिसमध्ये एक ओळसुद्धा नाही.

घरी बाबांनी विचारलं, "काय गं, चंद्री आतून कशी दिसली?"

"छान दिसली, बाबा."

"मग! हवापाणी चांगलं हाय आपलं." एवढं बोलले आणि खोकत बसले.

माझ्यासमोर खोकत होते हो! गोठा तोच, हवा तीच. आणि मी मूर्ख बाईनं पाणी आणून दिलं.

आयसीयूत मास्क बाजूला करून मलाच विचारत होते, "तू तर गळ्याची डॉक्टर. सांग ना, काय झालं हाय?"

मी म्हटलं, "काही नाही, बरं वाटेल." पुन्हा खोटं.

उरलेल्या चार म्हशी सकाळपासून ओरडतायत. वारा कंपन्यांकडूनच येतोय.

बाबा, चंद्री छान नव्हती. मला दिसलं होतं.

श्रद्धांजली वाहायला तोंड नाही मला. जा बाबा.