नुरीच्या राजांची दारं

"राजे मेले म्हणान माका सुटी नाय. आता तूच सांग, मी काय करू?"

"खयचे राजे?" दर्शनानं गावाहून फोनवर विचारलं.

"सुदानचे. नुरी म्हणान जागा आसा, थंय नदीकाठी पुरलेले."

"कधी मेले?"

"अडीच हजार वर्सां झाली."

"मगे आता कसली घाई तेंका?"

फोनच्या या टोकाला तिचा नवरा होता, शत्रुघ्न. कुडाळकडचा हा सुतार कुवेतमध्ये मंगफला एका वर्कशॉपात प्रदर्शनांची मॉडेलं करायचा. पितृपक्षातला बापाचा पहिलाच म्हाळ, हा एकुलता मुलगा, आणि मालकाचा हुकूम असा की सलवा भागातल्या गिऱ्हाइकाचं मॉडेल पुरं झाल्याबिगर तिकीट नाही. मॉडेल राजांच्या दफनभूमीचं. फळीभर लाकडी पिरॅमिड, प्रत्येकापुढं नैवेद्याची खोली, कडेनं निळी नदी. परक्या राजांना नैवेद्याची सोय झाल्याशिवाय बापाच्या नावानं कावळ्याला वाडी नाही. हिशोब सरळ होता.

शत्रुघ्ननं झपाट्यानं सगळं चिकटवलं. मग ड्रॉइंग काढणारे पुण्याचे चंद्रहास साहेब आले. पुण्याचे असल्यामुळं आधी चूक बघितली, मग मॉडेल.

"शत्रुघ्न, दारं उगवतीकडं हवीत. तुम्ही दक्षिणेला केलीत. ड्रॉइंगवर बाण आहे ना दिशेचा?"

"बाण बघलंय ओ. माका वाटला तुमचोच चुकलो. मेलेल्याचा दार दक्षिणेकच."

"हे तुमच्या गावचं मसण नाहीये."

"नायच. आमच्या मसणात येवढी गर्दी नसता."

साहेब हसले नाहीत. दारं उपटून परत बसवायची म्हणजे म्हाळाचा पंधरवडाच संपणार. शत्रुघ्न फळीभोवती फिरला. कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली.

"साहेब, राजे हलवक नको. मॉडेलावरचो बाण फिरवया. दारां आपोआप उगवतीक येतत. नदी तेवढी खरवडून पाठच्या बाजूक रंगवतंय."

साहेबांनी ड्रॉइंग आडवं धरलं, उभं धरलं. मग मालकाला फोन करून म्हणाले, "मी एक मार्ग काढलाय."

नदीनं एका दिवसात जागा बदलली. गिऱ्हाईक इतकं खूश झालं की फिंतासच्या घरासाठी अगदी तसंच दुसरं मॉडेल मागितलं. मालकही खूश. म्हणाला, तिकीट काढूच, हे दुसरं झालं की. चांगलं काम केल्याचं बक्षीस मिळालं ते असं.

"भटाक सांग, तिथीक जमणा नाय," शत्रुघ्न दर्शनाला म्हणाला. "सर्वपित्रीक घालूया म्हाळ. तोवर पोचतंय. बाबांक सांग, जरा थांबा, राजांचो नंबर आधी लागलो."

"थांबतले. जिते होते तेव्हा पण तुमी तेंका वाट बघूकच लावल्यात."

शत्रुघ्ननं फोन खिशात घातला, नवी फळी ओढली, सगळ्यात आधी तिच्यावर बाण काढला आणि करवत उचलली.