काळ्या कॉफीचा शेवटचा घोट

"बाई, आमची पोरगी सोनल महाडला कॉफी प्यायला बसते म्हणं. सोमवारी कॉलेजातनं नाव काढतोय." पांडुरंगचा फोन. आमच्या शाळेचे हे शिपाई निवृत्तीनंतर पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या वाटेवरच्या वाडीत राहतात. मी त्याच शाळेची माजी मुख्याध्यापिका. कॉफीपायी कॉलेज बंद? दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी पनवेल स्टँडवर होते.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पुढची सीट धरा. महामार्ग झाला असं सांगणाऱ्यांनी मागच्या सीटवर बसून दाखवावं.

महाडला मिसळ खाल्ली, बरी होती. कॉलेजजवळचं ते कॅफे म्हणजे पत्र्याखाली पाच टेबलं. एका टेबलावर सोनल धरून चार मुली, दोन कप आणि पसरलेल्या वह्या.

"चहाची टपरी काय वाईट होती गं?"

"तिथं मुलगे असतात, बाई. आम्ही थांबलो की वाडीवर फोन जातो."

कॉलेज एकला सुटतं, वाडीची गाडी पाचला. स्टँडवरच्या गोंगाटात केमिस्ट्री होत नाही.

"मग दुधाची घ्या. ही काळी कशाला?"

"दुधाची गार झाली की साय धरते. मालकाला वाटतं नको हाय, कप उचलतो. काळीला साय नाय."

"आवडते तरी?"

"शी! कडू हाय."

मैत्रीण हसली. "शेवटचा घोट कुणी प्यायचा नाय, आमचा नियम हाय. कपात हाय तोवर कुणी उठवत नाय."

पोलादपूरहून जीपने वर गेले. पांडुरंगने कोरा चहा दिला. मी वह्यांचं आणि पाचच्या गाडीचं सांगितलं.

"लोकं बोलतात, बाई."

"टपरीवर बसूनच बोलतात ना? त्यांना कोण उठवतं?"

मी तळाशी घोटभर चहा ठेवून कप मांडीवर धरला.

"संपवा बाई, शेवटची जीप जाईल."

"जाऊ दे. हा घोट आहे तोवर मी उठणार नाही."

त्यांची बायको आतून म्हणाली, "ऱ्हावा बाई, तांदूळ टाकते."

तासाभराने पांडुरंगने मान खाली घातली. "जाऊ दे तिला. पण एकदा मी सोता बघून येईन."

"या. काळीच मागवा."

मग मी तो घोट प्याले. गार कोरा चहा भयंकर लागतो, सांगून ठेवते.

घरी येऊन पाठ शेकत होते, तेव्हा सोमवारी सोनलचा मेसेज आला. बाबा आले, पलीकडच्या टेबलावर बसले, एका दमात कॉफी प्याले. मालकाने लगेच कप उचलला आणि तो "अजून काही?" म्हणत उभा राहिला. बाबांनी दुसरी मागवली. पाचपर्यंत तिला तोंड लावलं नाही.